दोन शब्दांमधली जागा

व व व व व व व व.

२१७. आज उशीर होईल, तू जेवून घे.

किल्ली घासताना पिवळा भुसा उडतो. तो एकदा बोटांना लागला की दिवसभर सुटत नाही.

तीन हजार सहाशे. पट्टीवर छापलेलं, चांदीच्या रंगात, पैज जिंकल्यासारखं.

खिडकी लाव. दुसऱ्या शब्दाआधी. दीड सेकंद. गुरुवार, दुपार.

कपाळाला हात लावून ताप बघतात तसा त्याने हात लावला, आणि पटकन मागे घेतला.

यातलं पहिलं धाकट्याने फोनवर ऐकलं. दुपारचे सव्वातीन वाजले होते. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या आपल्या दुकानात तो एका कॅबिनेटचं झाकण उघडून बसला होता, दोन स्क्रू ओठांत धरलेले, आणि वहिनीचा फोन आला. "बोला वहिनी," तो स्क्रू सांभाळत म्हणाला. तिने फोन कशाच्या तरी जवळ नेला आणि तिथून तो आवाज आला, व व व व, न दमता, मध्ये श्वास न घेता. आणि तो दादाचा होता. दादाला जाऊन चौदा महिने झाले होते. धाकट्याला कारण लगेच कळलं, कळायलाच हवं होतं, तेवीस वर्षं तो हेच करत आला होता. आवाज वाजवता वाजवता यंत्र गोठलं की हातात असलेला शेवटचा तुकडा ते फिरवत बसतं, कोणीतरी बटण दाबून त्याचं तोंड बंद करेपर्यंत. गाण्यांचे, गेममधल्या बंदुकांचे असे तुकडे त्याने शेकड्यांनी ऐकले होते, गिऱ्हाइकासमोर हसलाही होता. तरी एक स्क्रू ओठांतून सुटला आणि गडगडत शटरच्या खाचेत गेला. "बटण दाबा वहिनी. पाच सेकंद दाबून धरा." "दाबवत नाही," वहिनी म्हणाली. "तुम्ही या."

शेजारच्या टपरीतल्या किल्लीवाल्याने मान वर केली. "काय रे, कोणाचं काय बिघडलं?" "घरचंच आहे." "घरचं काम म्हणजे मेलास. पैसे मागता येत नाहीत आणि नाही म्हणता येत नाही." धाकट्याने पेनड्राइव्ह, रॅमच्या पट्ट्या उचलायची मऊ फडकी आणि छोटा स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. पिशवीत आधीपासून एक मेलेली रॅमची पट्टी होती. ती कायम असायची. दोष सापडला नाही किंवा दोष आपलाच निघाला, की गिऱ्हाइकाला दाखवायला ती बरी पडायची: ही बघा, ही गेली होती, बदलली. सगळ्या दुकानांत अशी एक पट्टी असते आणि कोणी कोणाला तसं सांगत नाही.

बेल दाबली तेव्हा आतून दादा म्हणाला, "कोण... आलंय?" धाकट्याचा हात बेलवरच राहिला. मग पावलं आली, साखळी निघाली, वहिनी. "घाबरलात का? सवय झालीय. बेल वाजली की जाता जाता तेवढं दाबते. घरात माणूस आहे असं वाटतं बाहेरच्याला." यंत्र पुन्हा चालू झालं होतं. शेवटी तिनेच ते बंद करायचं बटण दाबलं होतं, उशी मांडीवर घेऊन, दुसरीकडे बघत. जेवणाच्या टेबलाच्या कडेला स्क्रीन होती आणि स्क्रीनभर चौकोन, प्रत्येक चौकोनात एक वाक्य. तीनशे एक्केचाळीस. दादाच्या घशातली गाठ स्वरयंत्रापर्यंत पोचली होती, ते काढायचं ठरलं, तेव्हा इस्पितळातल्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी एक छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र दिलं आणि छापील यादी दिली: रोज लागणारी वाक्यं आत्ताच आपल्या आवाजात बोलून ठेवा, नंतर बटण दाबलं की तुमचंच बोलणं होईल. पाणी दे. दार लावलंस का. नको, पोट भरलं. यादीत तीनशे होती, एक्केचाळीस दादाने स्वतःची घातली. शस्त्रक्रियेनंतर तो अकरा आठवडे जगला आणि त्या अकरा आठवड्यांत या चौकोनांवर बोट ठेवून बोलला, भांडलासुद्धा. मग बोट गेलं, चौकोन राहिले.

"तीन महिन्यांपासून बंद पडतंय," वहिनी म्हणाली. "आधी आठवड्यातून एकदा. आता रोज. तेही दुपारीच. निळी स्क्रीन येते, नाहीतर हे असं अडकतं." ती पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये होती, सकाळी सातला जायची, दोनला परत. आयुष्यभर काचेखाली पेशी मोजलेली बाई. तिचं सांगणंही तसंच, किती वेळा, कधी, काय करताना. "काय करताना?" धाकट्याने विचारलं. "बहुतेक आवरताना." आवरताना म्हणजे काय, ते तिने दाखवलं. दर रविवारी ती वाक्यं नव्याने लावायची. सकाळची एका फोल्डरमध्ये, जेवणाची दुसऱ्यात, रागाची वेगळी. कपाट लावावं तसं. मन भरलं नाही की सगळी उचलून नव्या फोल्डरमध्ये नकलून घ्यायची आणि जुनं फोल्डर पुसून टाकायची, दोन-दोन ठिकाणी एकच वस्तू तिला चालत नसे. नकलून हा शब्द धाकट्याला कुठेतरी टोचला, पण त्याच्याकडे त्याने अजून पाहिलं नव्हतं.

पहिल्या दुपारी त्याने जे सगळे करतात तेच केलं. धूळ काढली, पंखा फिरतो का बघितलं, वीज देणारा डबा बदलून पाहिला, डिस्क तपासली. डिस्क ठणठणीत होती. मग पट्ट्या. चार होत्या, दोन जुन्या, दोन नंतर घातलेल्या, एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, चारींवर वेगाचा तोच आकडा, तीन हजार सहाशे. हात लावला तर मधल्या दोन पोळत होत्या. "खोक्यावर हाच नंबर होता," तो स्वतःशीच म्हणाला. वहिनीने चहाचा कप त्याच्या हाताशी ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. तिच्या मांडीवर एक वही होती, लॅबमध्ये असते तशी, आखलेली. "भावजी, तुम्हाला एक विचारू? हसायचं नाही." "हसतोय कशाला." "हे आधी थांबत नव्हते." "कुठे?" "बोलताना. आता थांबतात. ऐका." तिने चौकोन दाबला. *खिडकी,* दादा म्हणाला, आणि मग काहीच नाही, खोलीतला पंखा, खालच्या रस्त्यावरून जाणारी हातगाडी, आणि मग *लाव.* "दीड सेकंद," वहिनी म्हणाली. "आधी सलग होतं. मला पाठ आहेत सगळी. मला वेड लागलेलं नाही, भावजी, लागलं तर मलाच आधी कळेल. मी नोंदी ठेवल्यात." वहीत एकसष्ट नोंदी होत्या. वाक्याचा नंबर, कुठे थांबतात, किती वेळ, पहिल्यांदा कधी लक्षात आलं. पहिल्या पानावर तारखा विरळ होत्या, उन्हं तापू लागली तशा त्या एकमेकींना चिकटत गेल्या होत्या. "आणि गंमत सांगू? त्या जागी बोलता येतं. ते म्हणतात, खिडकी, मी म्हणते, अहो लावलीय, मग ते म्हणतात, लाव. पूर्वी मला मध्ये तोंड घालायला जागाच नसायची, माहितीय ना तुम्हाला त्यांचं." ती हसली. धाकटाही हसला. दादाचं बोलणं म्हणजे उतारावरची सायकल, ब्रेक नसलेली.

दुसऱ्या दुपारी त्याने चाचणी लावली. काळ्या स्क्रीनवर टक्के चढत जातात, यंत्र रॅमच्या प्रत्येक घरात एक आकडा ठेवतं आणि परत जाऊन बघतं, ठेवला तोच आहे का. फक्त जुन्या दोन पट्ट्या: चार टक्के, नऊ, एकोणीस, वहिनी डाळिंब सोलत होती, दाणे भांड्यात पडताना बारीक आवाज येत होता, छत्तीस, आणि धाकट्याला तो मंगळवार आठवत होता, दादा दुकानात टेकून उभा होता, गळ्याला मफलर, आवाज घोगरा पण तोंड चालूच. "अरे, काहीतरी दम भर त्यात! माझा भाऊ दुकानदार आणि माझंच यंत्र रांगतंय, लोक काय म्हणतील." चौसष्ट. तेव्हा धाकट्याने पट्ट्यांची दुसरी जोडी घातली. बायोस, म्हणजे यंत्राची मुळातली सेटिंगं, उघडून वेगाचं प्रोफाइल चालू केलं, जे तो दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक यंत्रात करायचा, गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर यंत्र पळताना दिसलं की ते चार जणांना सांगतं. आणि दादासाठी म्हणून वर हाताने आणखी दोन आकडे आवळले. शंभर. चूक नाही. फक्त नव्या दोन: शंभर. चूक नाही. "म्हणजे चांगल्या आहेत?" वहिनीने विचारलं. "चांगल्या आहेत." "मग?" "चारी एकत्र लावून बघतो." चारी एकत्र, तीन हजार सहाशेवर, तेविसाव्या मिनिटाला एक ओळ लाल झाली. मग आणखी एक. ठेवलेल्या आकड्यात एका जागी शून्याचा एक झालेला. बाकी सगळं जसंच्या तसं. एवढंच. हा असा एक आकडा कुठे पडेल ते कोणी सांगू शकत नाही: यंत्राच्या स्वतःच्या कामात पडला तर निळी स्क्रीन, नकलून घेतल्या जाणाऱ्या फाइलमध्ये पडला तर कुठेच काही दिसत नाही, कोणी बोंब मारत नाही, नक्कल होते, मूळ पुसलं जातं, आणि जागा वाचावी म्हणून दाबून ठेवलेल्या आवाजात एक लहानसं भोक पडतं, जे वाजवताना यंत्र शून्यांनी ताणून भरतं. दर रविवारी. खोली तापली की जास्त. त्याच्या मानेवर घाम आला होता आणि त्याला तो पुसावासा वाटत नव्हता, हात हलवला तर काहीतरी ठरून जाईल असं काहीसं.

"दोन किल्ल्या एकाच साच्यातनं काढल्या ना," किल्लीवाला दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, धाकट्याने त्याला आडून आडून विचारलं तेव्हा, "तरी एक लागते आणि एक अडते. नंबर काय, छापणारा छापतो." "मग गिऱ्हाइकाला काय सांगतोस?" "कुलूप खराब आहे म्हणून सांगतो." तो खो खो हसला. मग हसणं थांबवून त्याने धाकट्याकडे नीट पाहिलं. "घरचं आहे म्हणालास ना? मग नको सांगूस तसं."

तिसऱ्या दुपारी धाकट्याने सगळे आकडे मूळच्या जागी आणले, बनवणाऱ्याने ठेवले होते तिथे, मंद. चारी पट्ट्या, तीन वेळा चाचणी. एकही लाल ओळ नाही. हात लावला तर कोमट. पिशवीतली मेलेली पट्टी त्याने बाहेर काढली, तळहातावर घेतली, आणि वहिनी स्वयंपाकघरातून येताना दिसली तशी परत पिशवीत टाकली. "वहिनी, बसा जरा." ती बसली. "काहीच खराब झालेलं नव्हतं. मी लावलेलं सेटिंग चुकीचं होतं. दादासाठी वेग वाढवला होता. त्याने यंत्र बंद पडायचं." वहिनीने वही मांडीवर ओढली. "आणि ते थांबणं. तेही त्यानेच. तुम्ही आवरायला घेतलं की नकलताना त्याच्यात चुका पडायच्या. दादा थांबत नाही, वहिनी. तिथे यंत्राने रिकामी जागा घातलीय." पंखा फिरत होता. तिने वहीवरून हात फिरवला, जणू वहीला लागलं होतं. "म्हणजे हे सगळं तुमचं," ती म्हणाली. रागाने नाही, अहवालाखाली सही करावी तसं. "हो." "आता नवीन नाही पडणार?" "नाही." "एकही?" "एकही नाही." ती उठून खिडकीशी गेली. पाठमोरी उभी राहिली. धाकट्याला वाटलं, आता रडेल, आणि आपल्याला कुठे बघायचं ते कळणार नाही. पण ती वळली तेव्हा तिचा चेहरा लॅबमधला होता.

"मूळ कुठेय?" "कशाचं?" "यांनी ज्यात बोलून ठेवलं त्या यंत्रातलं कार्ड." "ते इस्पितळात परत द्यायचं होतं ना, दादा दुकानात आला होता त्याच मंगळवारी. मी सगळं दादाच्या यंत्रात उतरवून घेतलं आणि कार्ड पुसून दिलं. दुसऱ्या पेशंटला लागणार होतं." "ते बरोबर," वहिनी म्हणाली. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं, आणि ते उजळणं धाकट्याला मुळीच आवडलं नाही. "पण पुसायच्या आधी तुम्ही ऐकली असतील. सगळी." हा प्रश्न नव्हता. इतकं खरं एका दमात बोलल्यावर माणसाला वाटतं, आपल्या नावावर आता थोडं जमा आहे. "ऐकली होती," धाकटा म्हणाला. "नीट?" "नीट." तिने मोठा श्वास सोडला, चौदा महिन्यांचा असावा. "देवासारखे आलात. अहो, माझी पंचाईत कळतेय का तुम्हाला? घशात दुखायचं त्यांना. काही ठिकाणी ते खरोखरच थांबले असणार, गिळायला, श्वासाला. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा आम्ही इस्पितळातून आलो होतो, कशात लक्ष होतं माझं? पाठ आहेत म्हणते, पण ती कधीपासूनची पाठ आहेत, मला काय ठाऊक. आपण एकेक लावू. तुम्ही सांगायचं, हा थांबा त्यांचा, हा यंत्राचा. मग यंत्राचे तेवढे कापून टाका. तुम्हाला येतं ना कापायला?" "येतं." "त्यांचे तेवढे राहू देत." तिने पेनचं टोपण काढलं.

चौदा. *पंखा... बारीक कर.* धाकट्याने डोळे मिटले. "यंत्राचा." खूण. बावीस. *नको, पोट... भरलं.* "यंत्राचा." सव्वीस. *माझा चष्मा... कुठेय?* तो थांबला. "दादाचा," तो म्हणाला, का ते त्याला कळलं नाही. चष्मा शोधताना माणूस थांबतो म्हणून असेल. वहिनीने मान हलवली, "मलाही तसंच वाटायचं," आणि दुसऱ्या रंगाने खूण केली. सुरुवातीला तो विचार करून सांगत होता, गिळायची जागा कुठे येईल, अवघड अक्षर कुठे आहे. मग विचार न करता येऊ लागलं, दादाचा, यंत्राचा, यंत्राचा, दादाचा, आणि जसजसं येऊ लागलं तसतसं त्याला ऐकू येऊ लागलं, खरोखर, त्या मोकळ्या जागेत मफलरच्या आतला घसा, एक बारीक घरघर. पण भोकात काही नसतं. तिथे शून्य असतं, सपाट, यंत्राने लिहिलेलं शून्य, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं. सत्तावन्न. दोनशे सतरा. *आज उशीर होईल,* आणि लांबलचक काही नाही, इतकं लांब की वहिनीने हळूच म्हटलं, "किती?" आणि मग, *तू जेवून घे.* तिने पेन उचलून धरलं होतं. तिला हा हवा होता, स्पष्ट दिसत होतं, बाकी सगळे गेले तरी हा. तिच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती. "यंत्राचा," धाकटा म्हणाला. सगळेच कसे देणार. काही नाकारावे लागतात, नाहीतर विश्वास बसत नाही. वहिनीने खूण केली. पेन जरा जास्त दाबलं गेलं. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "मी त्याच्यात फार बोलत होते."

तीनशे बारा दादाने स्वतः घातलेलं होतं. तिने चौकोन दाबला आणि खोलीत थोडा वेळ काहीच झालं नाही, आवाज सुरू होण्याआधीच भोक होतं. दोघंही स्पीकरकडे बघत राहिली. मग दादा म्हणाला, अगदी जवळून, धाकट्याच्याच बाजूच्या स्पीकरमधून, "ठीक आहे, राहू दे." धाकट्याच्या अंगावर सरसरून काटा आला. "हा?" वहिनीने विचारलं. त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला कळलं की आपण वाट बघतोय, दादा आणखी काही बोलेल म्हणून. "दादाचा," तो शेवटी म्हणाला.

साडेसहाला यादी संपली. अठरा दादाचे, त्रेचाळीस यंत्राचे. वहिनीने दिवा लावला, वही त्याच्यासमोर उघडी ठेवली आणि हात धुवायला गेली. त्याने आवाज कापायचं सॉफ्टवेअर उघडलं. लाटेसारखी रेघ, मध्ये सपाट पट्टा, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना शब्द. कर्सर इकडे, कर्सर तिकडे, बटण. दोन्ही कडा एकमेकींना चिकटल्या. *पंखाबारीक कर,* दादा म्हणाला, घाईने, आयुष्यात बोलला त्यापेक्षाही घाईने. "जरा मोकळं ठेवा," आतून वहिनीचा आवाज आला, "ते इतकेही भरभर बोलत नव्हते." धाकट्याने थोडी जागा परत दिली. किती द्यायची ते अंदाजाने. सेव्ह. पुढचं. जुनं पुसलं जात होतं, वहिनीला दोन-दोन ठिकाणी एकच वस्तू चालत नव्हती. यंत्र शांत चाललं होतं, कोमट, मंद, ठेवलेला प्रत्येक आकडा ठेवला तसाच परत देत. त्याच्याकडून आता एकही चूक होत नव्हती. दोनशे सतरा आलं तेव्हा धाकट्याने कर्सर नेला, बोट बटणावर ठेवलं, आणि वहिनी टॉवेलला हात पुसत त्याच्या मागे येऊन उभी राहिली. "कापा," ती म्हणाली. त्याने कापलं.

कार्ड पुसलं त्या मंगळवारी दुकानात एकही स्पीकर जोडलेला नव्हता.